कर्दळीच्या गाठी

लहानपणी कितीतरी दिवस मला वाटायचं की लाल आणि हिरवा ही एकाच रंगाची दोन नावं आहेत. जसं आमच्याकडे सांबार म्हणतात, पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणतात, पण जुडी तीच. हसू नका. घरात मी तसंच ऐकलं होतं. बाबा म्हणायचे, "शकू, ते हिरवं फडकं आण वं," आणि खुंटीला तर एकच फडकं असायचं, तेही लाल. मी तेच नेऊन द्यायची, ते घ्यायचे, हात पुसायचे. म्हणजे मी बरोबरच आणलं, नाही का? शाळेत बाईंनी विचारलं, मिरची पिकली की कोणत्या रंगाची होते, तर मी ऐटीत उभी राहून म्हणाले, "लाल म्हना नाही तर हिरवी म्हना, एकच हाय." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाईंना वाटलं मी आगाऊपणा करते आहे, त्यांनी मला बाकावर उभं केलं. मला कळेना, माझं चुकलं काय. घरी येऊन मायला सांगितलं तर ती हसली नाही, रागावलीही नाही. भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. मग म्हणाली, "बाबाले सांगू नको बरं." आता बाबांना का नाही सांगायचं, हा त्या दिवशीचा दुसरा गोंधळ.

घर म्हणजे काय, नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या एका सरकारी बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या. बाबा त्या बंगल्याचे माळी. देवराव माळी म्हणायचे त्यांना, पण जातीनं आम्ही कोष्टी, म्हणजे विणकर, उमरेडचे. साहेब बदलून जायचे, नवे यायचे, आमच्या खोल्या मात्र आमच्याच राहायच्या. जोवर साहेबांच्या बायकोला बाग पसंत, तोवर. ही गोष्ट मायच्या डोक्यातून क्षणभरही उतरत नसे. नव्या साहेबांचं सामान ट्रकमधून उतरताना ती दाराआड उभी राहून बाईसाहेबांचा चेहरा बघायची आणि आत येऊन सांगायची, "बाई खाष्ट दिसते जी," किंवा "बाई बरी दिसते, मुलांवर वरडत नाही." सकाळी जाग यायची ती बाबांच्या झारीच्या आवाजानं आणि बंगल्याच्या स्वयंपाकघरातल्या भोलाप्रसाद महाराजांच्या खोकल्यानं. हे महाराज तिकडे उत्तरेकडचे, मिशा मोठ्या, मन त्याहून मोठं आणि जीभ सगळ्यात मोठी. बाबा भाजीच्या वाफ्यातून टमाटे तोडायचे तर एकेक टमाटा अंगठ्यानं दाबून, नाकाशी धरून तोडायचे. महाराज खिडकीतून ओरडायचे, "अरे देवराव भाऊ, टमाटर तोड़ रहे हो कि नाड़ी देख रहे हो?" बाबा म्हणायचे, "नाडीच पाहून राहिलो महाराज, तुमच्यासारखे कच्चे आहेत का पक्के." सगळे हसायचे. मीही हसायची. पण मायनं केलेल्या वांग्याच्या भाजीत कधीकधी हिरवागार, टणक टमाटा निघायचा, आणि तो माय मुकाट्यानं स्वतःच्या ताटात ओढून घ्यायची. आमचं जेवण साधं. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, भाजी असली तर असली. त्या चटणीचा वास आजही आला की मी त्या खोलीत जाऊन बसते, गुडघे पोटाशी घेऊन.

बाबांचं खरं प्रेम कर्दळीवर. तुम्ही म्हणाल, कर्दळीवर काय प्रेम करायचं, ती तर नाल्याकाठीसुद्धा उगवते. उगवते खरी. पण दोन-तीन वर्षं एका जागी राहू दिली की तिचे गड्डे एकमेकांच्या अंगावर चढतात, मधला भाग म्हातारा होऊन पोकळ पडतो आणि फुलं बारकी यायला लागतात. मग थंडी सरता सरता सगळा वाफा उकलून पुन्हा लावावा लागतो. बाबा आधी विळ्यानं पानं छाटायचे, वीतभर बुडखा ठेवायचे. मग हातभर लांबून चारी बाजूंनी कुदळ घालायचे, जवळ घातली तर गड्डा चिरतो. सगळा पसारा एका अंगानं उचलून पाण्यात बुचकळायचे, की आल्याचा थोराड भाऊ हातात आल्यासारखा दिसायचा. जिथे मान बारीक तिथे हातानंच काडकन मोडायचे. प्रत्येक तुकड्याला एखाददुसरा डोळा पाहिजे, काळं पडलेलं टाकून द्यायचं, मोडल्या जागी चुलीतली राख लावायची. आणि लावताना आडवं, डोळे वर, चार बोटं मातीखाली. "खोल गाडलं तर रुसते," म्हणायचे. आता मी मानेवाड्याला धाकट्या मुलाकडे राहते, गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत माझ्या कर्दळी आहेत. सून म्हणते, आई, यूट्यूबवर बघून करा. मी बघितलं एकदा. तो मुलगा चांगलं सांगत होता, पण राख लावायची विसरला.

तर सांगत काय होते, पानं छाटून गड्डे टोपल्यात पडले की सगळ्या कर्दळी सारख्या. कोणती लाल फुलायची, कोणती पिवळी, ते ब्रह्मदेवालाही नाही सांगता येत. म्हणून खूण आधीच करून ठेवावी लागते. ती खूण आमच्याकडे माय करायची. फुलं भरात असली की जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन ती वाफ्यात शिरायची आणि दर ताटाच्या, म्हणजे उभ्या दांड्याच्या, बुडाशी चिंधी बांधायची. एक गाठ म्हणजे लाल, दोन म्हणजे शेंदरी, तीन म्हणजे पिवळी. माय पवनीच्या कोष्ट्यांची लेक, तिच्या बोटांतून गाठ अशी सुटायची की बघणाऱ्याला दिसायची नाही. मी विचारलं, "लालले लाल चिंधी बांध ना, पिवळीले पिवळी. गाठी काहून मारते?" तर म्हणाली, "गाठ अंधारातही समजते." मी म्हटलं, "पन बाबा तर दिवसाच काम करतात." त्यावर म्हणाली, "तुले लय प्रश्न पडतात वं पोट्टे. दृष्ट लागू नये म्हनून बांधते, जा आता." दोन उत्तरं दिली की समजावं, तिसरं खरं आहे. पण हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी फक्त गोंधळले.

उमरेडला गेलं की हा गोंधळ आणखी वाढायचा. इतवारीहून छोट्या लाईनची गाडी असायची, बैलगाडीला इंजिन लावल्यासारखी. आम्ही आजोबांकडे, म्हणजे आबाजींकडे, सणासुदीला जायचो. आबाजी बाबांचे वडील. घरात दोन माग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि दिवसभर खटक-खटक, खटक-खटक. आबाजींच्या काठाचं नाव होतं गावात, लाल काठ असा विणायचे की पाण्यात घातला तरी पाणी लाजेल. मला ते मांडीवर घेऊन धोटा फेकू द्यायचे. पण बाबा मागाजवळ गेले की त्यांचा आवाज बदलायचा. "तू दूर बस. धाग्याले हात लावू नको." बाबा अंगणात जाऊन बसायचे आणि दुपारभर काही ना काही सोलत राहायचे, चिंचा म्हणू नका, शेंगा म्हणू नका. माझ्या बाबांना, ज्यांना बंगल्यातले साहेबसुद्धा 'देवराव' म्हणून नीट हाक मारत, त्यांना असं कोणी हाकलावं? मी आत्याला विचारलं. आत्यानं इकडे तिकडे बघत सांगितलं, की लग्नाआधी बाबाही मागावर बसायचे. एकदा आबाजी आजारी असताना बाबांनी एक लुगडं पुरं केलं. ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला की जोडावा लागतो ना, तर लाल काठात तुटलेला धागा बाबांनी हिरव्या धाग्यानं जोडला, आणि तो हिरवा धागा काठात शेवटपर्यंत गेला. व्यापाऱ्यानं चार लोकांसमोर ते लुगडं उलगडून दाखवलं. आबाजींनी विचारलं, दारू प्यायला होतास का? बाबा म्हणाले, नाही. मग झोपला होतास? नाही. "मंग मुद्दाम केलं," आबाजी म्हणाले. "बापाचं नाव खराब कराले मुद्दाम केलं." त्यानंतर बाबा घर सोडून नागपूरला आले. आत्या म्हणाली, "तुह्या बाबानं त्याच्यावर एक शब्द नाही काढला तोंडातून. आता नाही बोलत तो मानूस, म्हंजे मुद्दामच असन ना?"

मी रात्रभर... नाही, रात्रभर काय, लहान मूल ते, झोपलेच असणार. पण परतीच्या गाडीत मी बाबांकडे टक लावून बघत होते हे मला आठवतं. हा माणूस मुद्दाम असं करेल? जो कर्दळीचा गड्डा मोडतानासुद्धा 'थांब माय, दुखन नाही' म्हणतो? आणि मुद्दाम नाही तर मग कसं? लाल कुठे, हिरवा कुठे! तोवर शाळेनं मला लाल आणि हिरवा वेगळे असतात हे शिकवून झालं होतं.

त्या वर्षी नवे साहेब आले. बाईसाहेब पुण्याच्या, उंच, नीटनेटक्या, मराठी अशी बोलायच्या की आम्हाला वाटे आपण दुसरीच काही भाषा बोलतो. आल्या आल्या त्यांनी बाग पायी फिरून बघितली आणि बाबांना सांगितलं, "देवराव, पोर्चसमोर मला फक्त पिवळी कर्दळ हवी. लाल, केशरी काही असेल ते सगळं मागे, स्वयंपाकघराकडे. हा असा खिचडीसारखा वाफा मला आवडत नाही." बाबा हो जी म्हणाले. माय तेव्हा पवनीला होती, मामीचं बाळंतपण होतं. जाण्याआधी तिनं सगळ्या ताटांना गाठी मारून ठेवल्या होत्या, म्हणून बाबा निवांत होते. आणि दुसऱ्याच सकाळी काय झालं, बाईसाहेबांना त्या चिंध्या दिसल्या. "हे काय, बागेत चिंध्या लोंबतायत?" त्यांनी चपराशाकडून सगळ्या काढून जाळून टाकल्या. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना काय माहीत. बाबा भाजी मंडईतून आले तोवर ताटांची बुडं मोकळी. ते वाफ्याच्या टोकाला उभे राहिले. मी शाळेचं दप्तर घेऊन निघाले होते, तर म्हणाले, "शकू, आज शाळा राहू दे. माह्यासंगं चाल."

मोसम संपत आला होता, पण बऱ्याच ताटांवर एखादं तरी फूल शिल्लक होतं. बाबांनी तीन टोपली मांडली. म्हणाले, आपण खेळ खेळू. मी फूल बघून रंग सांगायचा, ते कापून गड्डा काढणार. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. शाळेतला तो मिरचीचा किस्सा मायनं सांगितलाच असणार, म्हणून शिकवतायत. मी मोठ्यानं सांगू लागले, लाल, लाल, पिवळं, शेंदरी. बाबा "शाब्बास" म्हणायचे, पण जरा थांबून म्हणायचे. ऊन चढलं. महाराजांनी खिडकीतून चहा दिला, म्हणाले, "आज तो मास्टरनी आई है बाग में." मग एका ताटाला मी शेंदरी म्हटलं आणि बाबांनी महाराजांशी बोलता बोलता, आपणच फुलाकडे बघून, तो गड्डा पिवळ्याच्या टोपल्यात टाकला. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. मला एकदम आत्याचा शब्द आठवला. मुद्दाम. बाबा बाईसाहेबांवर रागावून हे मुद्दाम करतायत का?

"बाबा, ते शेंदरी होतं."

"कोनतं?"

"आता टाकलं ते. अन् त्याच्या आधीचंही."

बाबांनी टोपल्यात बघितलं. गड्डे काय, सगळे सारखे. त्यांनी मोडून ठेवलेली फुलं उचलली, एक शेंदरी, एक पिवळं, दोन्ही हातांत धरून उन्हाकडे केली. मग माझ्याकडे बघितलं आणि खेळ संपला हे मला कळलं.

"शकू, तुले हे दोन अलग दिसतात?"

"मंग! दिसतात ना."

"अन् लाल? लाल फूल पानात असलं तर दिसते?"

"दुरून दिसते बाबा. गेटातून दिसते."

"गेटातून?" ते हसले. खरंच हसले, जसं एखाद्यानं लांबच्या गावाची नवलाची गोष्ट सांगावी. "मले तर जवळून पाहाव लागते. फुलाचा आकार दिसते, रंग नाही दिसत. तुह्या मायले दिसते. मोठ्या साहेबाले दिसत असन. मले नाही दिसत."

"मंग तुमाले कसं दिसते?"

"आता ते कसं सांगू? जसं हाय तसं दिसते." थोडा वेळ माती चोळत बसले. "लग्न झाल्यावर तुह्या मायनं हिरव्या बांगड्या मांगितल्या होत्या. मी आनल्या. तिनं घातल्या, काही नाही बोलली. मंग मेथीच्या शेतात एकदा लाल रुमाल हरवला, मी दहा वेळा त्याच्यावर पाय देऊन गेलो. तेव्हा तिले समजलं. तिनंच मले सांगितलं, का तुमाले दिसत नाही. त्याच्या आधी मले माहीतच नव्हतं वं. मले वाटे सगळ्याइले असंच दिसते अन् लोकं उगीच भांडतात."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात तेव्हा जे उठलं ते आजही शमलेलं नाही, खरं सांगते. बाबांना वाटायचं सगळ्यांना तसंच दिसतं. मग मला वाटतं की सगळ्यांना असंच दिसतं, ते तरी कशावरून? मी ज्याला लाल म्हणते तो मायचा लाल आहे का? मी डोळे मिटून उघडले, मिटून उघडले. बाबा म्हणाले, "काय करून राहिली?" मी म्हटलं, "पाहून राहिली."

पुढे कितीतरी वर्षांनी माझा मोठा मुलगा रेल्वेत ड्रायव्हर व्हायला निघाला. लेखी पास झाला, आणि डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर ठेवलं तर त्याला त्यातला आकडा दिसेना. डॉक्टरांनी सांगितलं, हे आईकडून मुलाला येतं, आईला मात्र काही होत नाही. मी तिथल्या खुर्चीवर बसून राहिले. म्हणजे ते माझ्यातून गेलं, मला शिवलंसुद्धा नाही! मुलगा आता बुटीबोरीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, सुखात आहे. त्यालाही मी विचारलं, तुला कसं दिसतं रे? तो म्हणाला, "आई, तू हे विचारणं कधी बंद करशील?"

तर त्या दिवशी आम्ही वाफा पुरा केला. ज्यांच्यावर फूल होतं ते मी सांगितले. ज्यांच्यावर नव्हतं, त्यांचं बाबांनी अंदाजानं केलं, मागच्या वर्षी इथे काय होतं ते आठवून. माय परत आली, चिंध्यांची हकिगत ऐकून तिनं कपाळाला हात लावला, पण आता काय करणार. उन्हं तापायला लागली तशी पोर्चसमोर पानांची रांग उभी राहिली आणि हळूहळू पिवळी फुलं उमलली. बाईसाहेब खूश. त्यांच्याकडे एका संध्याकाळी हिरवळीवर मोठ्या लोकांचा चहा ठरला होता. त्या दिवशी सकाळी मी पुढून गेले आणि पायऱ्यांच्या बरोबर समोर, रांगेच्या अगदी मधोमध, लालभडक कर्दळ उमललेली दिसली. एकटीच. जणू कोणी मोजून मध्ये लावावी. आणि बाबा तिलाच झारीनं पाणी घालत होते, तोंडानं काहीतरी गुणगुणत. मी तोंड उघडलं तोच दार वाजलं आणि बाईसाहेब बाहेर आल्या.

"देवराव, हे काय आहे?"

बाबांनी झारी थांबवली. बाईसाहेब बोट दाखवत होत्या तिकडे बघितलं. मला दिसलं की त्यांना दिसत नाहीये. पिवळ्या फुलांवरून त्यांची नजर फिरत होती, पलीकडे जात होती, परत येत होती.

"अगदी मधोमध? मी सांगितलं होतं ना, फक्त पिवळी? हे तुम्ही मुद्दाम केलंत का?"

माय मागून धावत आली होती, पदर तोंडाशी धरून माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड इतका दाबला की मला कळलं, बोलू नको म्हणते आहे. आणि मला बोलायचं होतं. बोललं नाही तर बाबा मुद्दामवाले ठरतात, उमरेडसारखे. आणि बोललं तर? ज्याला रंग दिसत नाही त्याला माळी कोण ठेवेल, आणि मग आमच्या दोन खोल्यांचं काय? बाबांनी झारी खाली ठेवली, हात धोतराला पुसले.

"मुद्दाम नाही बाईसाहेब. मले लाल रंग दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हंजे नाही दिसत. पानासारखाच दिसते."

बाईसाहेबांनी बाबांकडे असं बघितलं, जसं मी बघितलं होतं. मग सगळे लोक जे करतात तेच त्यांनी केलं. पुढे मी किती लोकांना ते करताना पाहिलं! त्यांनी आपला पदर पुढे धरला. "ही साडी कोणत्या रंगाची आहे, सांगा?"

बाबांनी पदराकडे बघितलं, नीट, मान तिरकी करून. म्हणाले, "नवी हाय बाईसाहेब."

आतून महाराजांचं खदखदा हसणं ऐकू आलं. बाईसाहेबांच्या ओठांचा कोपरा हलला की नाही, मी आजही सांगू शकत नाही. त्या आत गेल्या. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कोनती वं?" मी बोट टेकवून दाखवली. त्यांनी कुदळ आणून ती काढली.

त्या दुपारी माय आणि बाबांचं जे भांडण झालं तसं मी आधी ऐकलं नव्हतं. माय म्हणत होती, "इतके वर्ष झाकलं मी. गाठी मारू मारू बोटं झिजले माहे. अन् तुमी पुऱ्या बंगल्यासमोर सांगून दिलं? आता सामान बांधू?" बाबा म्हणाले, "बांध. पन मुद्दाम म्हनून नाही जाऊन राहिलो मी. एकदा गेलो तसा, आता नाही जात." मी उंबऱ्यावर बसून दोघांचं ऐकत होते. माय बोलली की मायचं पटायचं, बाबा बोलले की बाबांचं. अजूनही तसंच आहे.

सामान काही बांधावं लागलं नाही. बरेच दिवस बंगल्यातून काहीच निरोप आला नाही, आणि तेच जास्त वाईट. मग एका सकाळी बाईसाहेब मागे आल्या, मायला म्हणाल्या, "त्या चिंध्या खुणेच्या होत्या का? सांगायचं नाही का मला? बांधत जा. पोर्चसमोर मात्र नकोत हं." एवढंच. पण गोष्ट पसरली होती. महाराज रोज एक टमाटा पुढे करायचे, चपराशी आपली टोपी, दूधवाला सायकलची सीट. "सांगा देवराव, कोणता?" बाबा पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशीही हसले. नंतर ते मागच्या फाटकानं ये-जा करू लागले. खरं सांगितलं म्हणून माणसाला मागच्या फाटकानं जावं लागतं, हे कोणत्या शाळेत शिकवतात?

आणि मग एक दिवस बाबाच म्हणाले, "उमरेडले जाऊन येऊ." माय म्हणाली, "आबाजी मानतीन का?" बाबा म्हणाले, "नाही मानले तर नाही मानले. बाईले सांगितलं, बापाले नको सांगू?"

आबाजी मागावर होते. लाल काठ चालला होता. बाबा उंबऱ्याशी उभे राहिले आणि जे बाईसाहेबांना सांगितलं तेच सांगितलं, तितक्याच शब्दांत. माग थांबला. आबाजींनी वळून बघितलं नाही. त्यांनी डब्यातून दोन कांड्या काढल्या, सुताच्या, एक लाल, एक हिरवी, आणि मागे न बघताच हात लांब केला. "लाल दे मले यातली."

बाबा पुढे गेले. दोन्ही कांड्या घेतल्या, दाबून पाहिल्या, वास घेतला. आत्या पदर तोंडात धरून उभी होती. मला सांगायचं होतं, ओठापर्यंत आलं होतं, पण या वेळी मीच माझा दंड धरून ठेवला. बाबांनी एक कांडी आबाजींच्या हातात ठेवली. हिरवी.

आबाजी त्या कांडीकडे बघत राहिले. मग दुसरी मागून घेतली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या, डोळ्यांजवळ नेल्या, लांब केल्या. जणू त्यांनाच आता त्या ओळखू येईनात.

"पहिलेच काहून नाही सांगितलं?"

"मलेच माहीत नव्हतं, आबाजी."

"अन् तो काठ? तुले तो काठ कसा दिसे?"

बाबा म्हणाले, "साजरा दिसे. तुमच्यासारखाच वाटे."

बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती. आत्या कशाला कोण जाणे, एकदम पाणी आणायला गेली. आबाजी खड्ड्यातून उठले, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, आणि फळीवरून बाजूला सरकून भिंतीशी बसले. बाबा तसेच उभे. आबाजींनी बोटानं मागाकडे दाखवलं. बाबा म्हणाले, "हाताले मातीची सवय पडली आता." आबाजींनी पुन्हा दाखवलं. मग बाबांनी पाय झटकले आणि खड्ड्यात सोडले. धोटा हातात घेऊन नुसतेच बसले, सुरू करेनात.

"चालव," आबाजी म्हणाले. "धागा तुटला तर मले आवाज दे. मी इथंच हाय."